भावंडांचा रकाना

मी श्रीमंत माणसं मोजते. त्यांचे पैसे मोजणारे वेगळे, ते आमच्या मजल्यावर बसत नाहीत. आम्ही माणसं मोजतो. कुठल्या देशात किती आहेत, गेल्या वर्षी किती होती, यंदा कोण कुठून उठून कुठे राहायला गेलं. जगाचे भाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक भागाला एक टेबल आहे. उत्तर अमेरिका खिडकीशी, युरोप पँट्रीच्या दाराशी, आफ्रिका आणि आखात एकाच खांबाच्या दोन बाजूंना. मी गेल्या दिवाळीपर्यंत भारताच्या टेबलावर होते. वर्षअखेरीला अहवाल निघतो आणि परदेशातल्या बँका तो विकत घेतात, कारण नवा श्रीमंत माणूस दुसऱ्या बँकेच्या आधी गाठायचा असतो.

काम ऐकून लोक हसतात. आमच्या इमारतीतल्या एका बाईंनी लिफ्टमध्ये विचारलं, "मग आम्ही आहोत का हो तुमच्या यादीत?" मी म्हटलं, "नाही. मीही नाही." त्यांना ते आवडलं नाही. पुढचे दोन महिने त्या जिन्याने गेल्या.

श्रीमंत कोणाला म्हणायचं, याची रेघ गिऱ्हाइकांनी आखून दिलेली आहे. राहतं घर, गाडी, दागिने सोडायचे आणि हाताशी किती उरतं ते बघायचं. माणूस जिथे राहतो तिथे मोजायचा, जिथे जन्मला तिथे नाही. नैरोबीचा चहावाला लंडनला राहायला गेला की आफ्रिकेतून एक वजा, युरोपात एक अधिक. साओ पाउलोचा हॉस्पिटलवाला लिस्बनला गेला की तसंच. आखाताच्या टेबलावरची फाइल तर बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी टेबलावरूनच येते.

इतकी वर्षं फाइली वाचून मला प्रत्येक भागाची चाल कळायला लागली. युरोपातली फाइल आजोबांपासून सुरू होते. अमेरिकेतली कंपनीपासून, आईबाप दुसऱ्या पानावर. चीनची फाइल कारखान्यापासून सुरू होऊन मुलांच्या परदेशी शाळेवर संपते. आमच्या टेबलावर पूर्वी मोठ्या घराण्यांची नावं यायची. आता राजकोट, कोइमतूर, होसूर, नाशिक, कुठूनही येतात. कोणी बेअरिंग बनवतो, कोणी औषधाच्या गोळ्यांची पाकिटं, कोणाच्या शेताशेजारी विमानतळ झाला. ही माणसं कालपर्यंत बसने जात होती, आणि त्यांच्या शेजाऱ्यांना अजून पत्ता नसतो.

फाइलमध्ये कुटुंबाचं एक पान असतं. ते बँकांना फार महत्त्वाचं, कारण पुढे पैसा कोणाकडे जाणार ते त्यावरून कळतं. आईवडिलांना एक परिच्छेद, बायकोला अर्धा, मुलांना वाटेल तेवढा. भावंडांना एक ओळ. जगाच्या कुठल्याही भागातली फाइल काढा, भावंडांना एक ओळ. मी कधी यावर विचार केला नव्हता. ओळ भरलेली आहे की नाही, एवढंच बघायचे.

माझं वय पंचावन्न. लग्न केलं नाही. बेंगळुरात, जे. पी. नगरला, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, स्वतःच्या पगारातून घेतलेला. त्याआधी आयुष्यभर मल्लेश्वरमच्या घरात होते. आमचं घराणं शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलेलं. आमच्या मराठीत अर्धं कन्नड शिरलंय, पुरणपोळीला आम्ही होळिगेच म्हणतो आणि थोरल्या भावाला अण्णा. मला एक अण्णा आहे. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा.

अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत दोन शेड घेऊन लेथ टाकले होते. अण्णा सोळाव्या वर्षापासून तिथे उभा. मी कॉमर्स करून नोकरीला लागले. आई आधी गेली, मग अप्पा गेले, आणि शेड आम्हा दोघांच्या नावावर आल्या. अण्णाला नवं मशीन घ्यायचं होतं. कर्जाच्या कागदावर बँकेला दोघांच्याही सह्या हव्या होत्या. त्याने मला फोन केला, "रविवारी घरीच राहा, बोलायचंय." मी तेव्हा त्याच घरात वरच्या खोलीत राहत होते, तरी त्याने फोन केला. मला वाटलं, संकोचतोय.

आमच्यात बहिणीने हक्क सोडायची पद्धत आहे. बहीण सही करते, भाऊ साडी देतो, आणि त्या बदल्यात माहेरचं दार उघडं राहतं असं दोघंही धरून चालतात. आईने केलं, आत्यांनी केलं. बहिणीने कायद्याने वाटा मागितला की दिवाळीला कोणी कोणाकडे जात नाही, हेही मी पाहिलं होतं. मला सासर नव्हतं. माहेरातच राहत होते. तरीही माहेर टिकवायचं म्हणून मी रविवार यायच्या आत हक्कसोडीचा कागद स्वतः टाइप करून आणला. ऑफिसात करारांचंच काम होतं, वकील लागला नाही. रविवारी अण्णा बोलायला बसला तेव्हा मी कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, "हे घे. मी अर्ध्या दिवसाची रजा काढते, नोंदणी करून टाकू."

तो कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सरी." म्हणजे बरं.

नोंदणी झाली. वहिनीने हिरवी साडी दिली. दोन महिन्यांनी मी जे. पी. नगरला आले, ऑफिस जवळ पडतं म्हणून. तेव्हापासून भाऊबीजेला अण्णा माझ्याकडे येतो आणि गौरीला मी मल्लेश्वरमला जाते. मध्ये पंधरा दिवसांतून एक फोन. मला वाटत होतं, आमचं बरं चाललंय.

गेल्या वर्षी सप्टेंबरात आमच्या टेबलावरची पुण्याची मुलगी माझ्याकडे फाइल तपासायला घेऊन आली. फाइली ती तयार करते आणि मी बघून पुढे सोडते, असं काम. हुशार आहे, घाई फार.

"अक्का, ही आज क्लोज करू ना?" ऑफिसात सगळेच मला अक्का म्हणतात. "पीण्याचे अंकल आहेत. एकदम सॉलिड केस. मेडिकल मशीनचे छोटे व्हॉल्व्ह बनवायचे, फॉरेनच्या कंपनीने अख्खा धंदा विकत घेतला. कोणाला पत्ताच नाही. आणि आडनाव बघा, तुमचंच! काका-बिका नाहीत ना कोणी?"

मी पहिलं पान पाहिलं. फोटो नव्हता, पण पत्ता होता.

"आमच्या आडनावाची बेंगळुरात कितीतरी घरं आहेत," मी म्हटलं.

"आणि त्यातले गरीब तेवढे तुम्हीच?"

शेजारचे हसले. मीही हसले. ती कॉफी आणायला गेली आणि मी फाइल वाचली.

फाइल नीट केलेली होती. अप्पांच्या दोन शेड होत्या, नवं मशीन होतं, परदेशात शिकणारा मुलगा होता. बायको, संचालक म्हणून. भावंडं: नाहीत. पुराव्याला पीण्याच्या कारखानदारांच्या मासिकातली मुलाखत जोडलेली होती. त्यात अण्णा म्हणाला होता, "वडील गेल्यानंतर सगळं एकट्यानेच केलं. मागेपुढे कोणी नव्हतं." कंपनीच्या कागदांत माझं नाव असायचं कारण नव्हतं, ते मीच काढून घेतलेलं. म्हणजे मुलीची चूक नव्हती. शेवटच्या पानावर होतं: मार्चपर्यंत आखातात स्थायिक होण्याचा विचार, सल्लागार नेमला आहे.

मशीन घेतल्याचं वर्ष चुकलं होतं. तेवढं मी दुरुस्त केलं. भावंडांच्या ओळीला हात लावला नाही.

आमच्याकडे नियम आहे. फाइलमधल्या माणसाशी नातं असेल तर त्याच दिवशी वरच्या साहेबांना कळवायचं. फाइल दुसऱ्याकडे जाते आणि तुम्हीही त्या टेबलावरून उठता. उशीर केला तर नोकरी जाऊ शकते, आणि पंचावन्नाव्या वर्षी दुसरी कोणी देत नाही. शिवाय फाइलमधलं बाहेर कोणाला सांगायचं नाही, ज्याची फाइल आहे त्याला तर मुळीच नाही. यादी दिवाळीनंतरच्या सोमवारी बंद व्हायची होती. मी ठरवलं, भाऊबीजेपर्यंत थांबायचं. अण्णाने स्वतः सांगितलं तर मी लगेच जाऊन "हा माझा भाऊ" म्हणून कळवणार होते. नाही सांगितलं तर ओळ आहे तशी बरोबरच होती.

मधल्या आठवड्यांत दोनदा फोन झाले.

"काय विशेष?" मी विचारायचे.

"काही नाही ग. स्वल्प गुडघा धरलाय."

"आणि शेड?"

"आहे."

एका शनिवारी मी जे. पी. नगरला मेट्रोत बसले, मल्लेश्वरमचं स्टेशन जाऊ दिलं आणि पीण्याला उतरले. एकच लाइन आहे, गाडी बदलावी लागत नाही. तिथला फलाट उंचावर आहे, वरून आमच्या शेडचे पत्रे दिसतात. त्यांना नवा निळा रंग लागला होता आणि फाटकाशी गणवेशातला पहारेकरी होता. मी खाली उतरले नाही. समोरच्या फलाटावर जाऊन परतीची गाडी पकडली. घरी येऊन फ्रिज साफ केला. त्या दिवशी कोणाशी एक शब्द बोलले नव्हते, हे संध्याकाळी दूधवाल्याने हाक मारली तेव्हा घसा बसलेला निघाला म्हणून कळलं.

भाऊबीजेला अण्णा अकराला आला. तो आल्याचं मला तिसऱ्या मजल्यावर आधीच कळलं, कारण खाली तो रिक्षावाल्याशी भांडत होता. जन्मभर लेथच्या आवाजात काढल्यामुळे त्याला कमी ऐकू येतं आणि तो सगळ्यांशी ओरडून बोलतो.

"वीस रुपये जास्त मागतो!" दारात चपला काढत तो म्हणाला. "स्टेशनपासून इथपर्यंत! कुठून आणायचे?"

फाइलमधला आकडा मला पाठ होता.

"वहिनी नाही आली?"

"तिचं डोकं दुखतंय. काय केलंस? होळिगे? तू केलीस?"

"विकत आणली."

"मग चांगली असेल."

पाटावर बसवून मी त्याला ओवाळलं. कुंकू लावताना दिसलं, शर्टाच्या खिशात दोन पाकिटं होती. एक नेहमीचं, लहान. दुसरं लांब, घडी घालून कोंबलेलं, अर्धं बाहेर आलेलं. त्याने लहान काढून ताटात ठेवलं आणि लांब आत दाबलं.

जेवताना मी त्याला किती वेळा वाट करून दिली असेल. मुलाची चौकशी केली. म्हणाला, बरा आहे. पुढचं काय ठरवलंय विचारलं. म्हणाला, "आता वय झालं, काय ठरवायचं." कोशिंबिरीत मीठ कमी आहे म्हणाला. आमच्या लिफ्टचा मेंटेनन्स किती, हे त्याने तीनदा विचारलं. मला राग येत होता, आणि मी त्याला भात वाढत होते.

ताक वाढलं तेव्हा त्याचा फोन वाजला. स्पीकर नव्हता लावलेला, पण त्याच्या फोनचा आवाज कायम शेवटच्या टोकाला असतो. वहिनी म्हणाली, "दिली का तिने सही? की अजून जेवतच आहात?"

"ठेव ग," अण्णा म्हणाला. "ठेव, ठेव."

फोन खाली ठेवून तो ताक पीत राहिला.

"कसली सही?" मी विचारलं.

"काही नाही. असंच."

"अण्णा, ते लांब पाकीट काढ."

त्याने हात धुतले, पुसले, परत धुतले. मग पाकीट टेबलावर ठेवलं. आत इंग्रजी कागद होता, वकिलाचा. मी, अमुकची सख्खी धाकटी बहीण, लिहून देते की शेड, जमीन, धंदा आणि त्यातून आलेल्या किंवा येणाऱ्या कशावरही माझा पूर्वी हक्क नव्हता, आज नाही, पुढे असणार नाही. विकत घेणाऱ्यांच्या वकिलांना जुना हक्कसोडीचा कागद सापडला होता आणि त्यांना नवा हवा होता. आमच्या ऑफिसला न सापडलेली बहीण त्यांना सापडली होती.

मी कागद दोनदा वाचला.

"दुसऱ्या शेडचा नंबर चुकलाय," मी म्हटलं.

"काय?"

"नंबर! चुकलाय! असा दिलास तर ते परत पाठवतील. दुरुस्त करून आण, मग सही करते."

तो एकदम ओरडला. ऐकू येत नाही म्हणून नाही, खरंच ओरडला. "किती आले, ते विचारणार नाहीस?"

"नाही."

"का नाही विचारणार? तेव्हाही नाही विचारलंस!"

"तेव्हा काय विचारायचं होतं?"

"मी रविवारी कशाला बोलावलं होतं तुला? म्हणणार होतो, नोकरी सोड, पीण्याला ये. कागदाचं तू बघ, मशीनचं मी बघतो. दोघांच्या सहीने कर्ज घेऊ. बायकोला पण सांगून ठेवलं होतं. आणि तू काय केलंस? टाइप केलेला कागद! वर अर्धा दिवस रजा काढते म्हणे!"

"तू बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? मोकळी व्हायला आली होतीस तू."

"आपल्यात पद्धत आहे तशी."

"लग्न होऊन जाणाऱ्या बहिणींची! तू कुठे चालली होतीस? जे. पी. नगरला!"

नऊ वर्षं मी त्या कागदाबद्दल स्वतःला शाबासकी देत आले होते. भांडण नाही, वकील नाही, एका सकाळी काम संपलं. त्या शांततेला मी त्याचं समाधान समजले होते.

"म्हणून मासिकात म्हणालास, मागेपुढे कोणी नव्हतं?"

"ते तू कुठे वाचलंस?"

"माझं कामच ते आहे."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. "म्हणजे तुला माहीत होतं? कधीपासून?"

"सप्टेंबर."

"आणि आज मला कोशिंबीर वाढत बसलीस?"

"तू लिफ्टचा मेंटेनन्स विचारत बसलास."

तो हसला नाही. मीही नाही. ताकाचे पेले मी आत नेऊन ठेवले. परत आले तर तो कागदाची पुन्हा घडी घालत होता, आधीच्याच रेघांवर, फार सावकाश.

"दुबईला जायचंय," तो म्हणाला. "मार्चमध्ये. मुलगा म्हणतो, टॅक्स वाचतो. तुला सांगायला आज आलो होतो. कागदाचं नंतर सांगणार होतो. मग वाटलं, आधी कागद काढावा. मग काहीच काढलं नाही." जरा थांबून म्हणाला, "वकील म्हणतो, बहिणीला काहीतरी देऊन टाका. तुला काय पाहिजे?"

"काही नको," मी म्हणणार होते. जिभेवर आलं होतं. त्याचा चेहरा बघितला आणि म्हटलं, "विचार करून सांगते."

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत गेले आणि सांगितलं की अमुक क्रमांकाची फाइल माझ्या भावाची आहे. ते कानडी आहेत, सभ्य गृहस्थ. म्हणाले, "सरी अक्का, भाऊबीजेला कळलं असेल ना तुम्हाला?" मला पळवाट काढून देत होते. मी म्हटलं, "नाही, सप्टेंबरात." त्यांनी पेन खाली ठेवलं. नोकरी गेली नाही. लेखी ताकीद मिळाली आणि भारताचं टेबल गेलं. आता मी दक्षिण अमेरिका बघते, झेरॉक्स मशीनशेजारी. तिथल्या कोणाचं आडनाव माझ्यासारखं नाही.

भारताचं टेबल पुण्याच्या मुलीकडे गेलं. माझे ड्रॉवर रिकामे करायला ती मदतीला आली.

"अक्का, मी तुम्हाला विचारलं होतं ना?"

"विचारलं होतंस."

"मग?"

"खोटं बोलले."

ती थोडा वेळ स्टेपलरशी खेळत राहिली. "तो गरीबवाला जोक. सॉरी हं."

"जोक चांगला होता."

ती फाइल आता मला उघडता येत नाही. चार दिवसांनी ती मुलगी पँट्रीत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "एक बहीण, असं टाकलंय." नियमाप्रमाणे तिने ते मला सांगायला नको होतं. मी कप धुतला आणि जागेवर आले.

दुरुस्त केलेल्या कागदावर मी मल्लेश्वरमला जाऊन नोटरीसमोर सही केली. बाहेर फुटपाथवर अण्णाने परत विचारलं, "केलास का विचार? काय पाहिजे?"

"रविवारी फोन कर," मी म्हटलं. "मी करणार नाही. तू करायचा. दर रविवारी."

"एवढंच?"

"करून बघ, मग एवढंच म्हण."

त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. जन्मभर धंदा केलेला माणूस, एवढ्यात सौदा मिटतो यावर त्याचा विश्वास बसेना. वहिनी गाडीत बसली होती. तिने काच खाली करून मला एक पिशवी दिली, साडीची. मी घेतली.

मार्चमध्ये ते गेले. मी विमानतळावर गेले नाही, लांब आहे आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं. अहवालात यंदाही आखाताचा आकडा वाढला, आमच्याकडचाही वाढला. गेलेल्यांपेक्षा नवे जास्त झाले की गेलेल्यांची जागा दिसत नाही.

अण्णा फोन करतो. एक रविवार चुकला, तेव्हा सोमवारी केला आणि बराच वेळ नेटवर्कला शिव्या दिल्या. तो एकतिसाव्या मजल्यावर राहतो. टॅक्ससाठी वर्षातले ठरावीक दिवस तिथे राहावंच लागतं, नाहीतर सगळ्याचा उपयोग नाही. वहिनीला करमलं नाही, ती मुलाकडे गेली आहे. बोलायला आमच्याकडे काही नसतं. तो तिथली गर्मी सांगतो, मी इथली मेट्रो सांगते. परवा म्हणाला, एसीचं बेअरिंग गेलंय, त्यावर हात ठेवला की थरथर लागते.

"मग कर की दुरुस्त."

"हात लावू देत नाहीत. सर्व्हिसवाला येईल म्हणतात. मी म्हटलं, अरे मी हेच काम केलंय जन्मभर. तो म्हणाला, सर, प्लीज, तुम्ही बसा."

"मग?"

"मग काय. बसलोय."

ठेवते म्हणायची वेळ झाली होती, पण त्याने फोन ठेवला नाही आणि मीही नाही. मी फोन ओट्यावर टेकवला, डाळ धुतली, कुकर लावला. शिट्टी झाली तेव्हा पलीकडून आवाज आला, "काय शिजवतेयस?"

"वरण."

"नुसतंच?"

"एकटीला आणखी काय करायचं?"

"हं," तो म्हणाला. "मी ब्रेड आणलाय."